आधी गरज घटव, मग पॅनेल मोज

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि सोबतचा नव्या घराच्या बेताचा तक्ताही नीट पाहिला. आठ मीटर व्यासाचं घुमटाकार घर म्हणजे डोम, त्यावर दहा किलोवॅटचे सौर पॅनेल, भिंतीएवढी बॅटरी आणि दारात टपावर पॅनेल असलेली इलेक्ट्रिक गाडी. सगळं मांडून शेवटी विचारतोस, ‘यातलं आधी काय घेऊ?’ तुझा गोंधळ मला कळतो. पण काय घ्यायचं यावर तू महिनोन् महिने अडून बसला आहेस, आणि किती लागतं हा रकाना तुझ्या तक्त्यात नाहीच. तो नसेल तर बाकीचे रकाने भरण्यात अर्थ नाही.

पृथ्वी तापते आहे, इंधन जाळणं थांबवायला हवं, हे तुला सांगण्यात वेळ घालवत नाही. ते पटलं आहे म्हणूनच तू रात्री जागून हे आकडे जुळवतोस. मला सांगायचं आहे ते एकच: आधी गरज घटव, मग पॅनेल मोज. या पत्रात ते मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. तुला कंटाळा आला तरी चालेल.

डोमपासून सुरू करू, कारण तुझा जीव तिथे अडकला आहे. दिलेलं घनफळ सर्वांत कमी पृष्ठभागात मावतं ते गोलात, हे तू लिहिलंस आणि ते खरं आहे. पण पुढचा हिशोब केलास का? अर्धगोलाचं कवच जमिनीच्या क्षेत्रफळाच्या बरोबर दुप्पट असतं. तुझ्या आठ मीटरच्या डोमची जमीन सुमारे ५० चौरस मीटर, म्हणजे कवच १०० चौरस मीटर. तेवढ्याच जमिनीचं आणि तेवढ्याच घनफळाचं साधं चौकोनी घर घेतलंस, तर भिंती आणि छप्पर मिळून १२६ चौरस मीटरच्या आसपास भरतात. म्हणजे आकारामुळे तुझी बचत झाली साधारण एक पंचमांश. आता डोमच्या कडेला जाऊन उभा राहून पाहा. जिथे छत १.८ मीटरच्या खाली येतं तो कडेचा पट्टा जेमतेम हातभर वाटतो, पण गोलाच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे तोही जमिनीचा एक पंचमांश खातो. आकाराने दिलेलं कडेने काढून घेतलं. कडेला बुटकी भिंत घालून डोम उचललास तर उभं राहता येईल, पण कवचही वाढेल.

म्हणून डोम बांधूच नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः डोममध्ये राहतो आणि दुसऱ्या घरात राहायची कल्पनाही करवत नाही. वाऱ्याला अडायला सपाट भिंत नसते, कमी सामानात मोठी जागा झाकली जाते, माथ्यावरची खिडकी आणि खालचा झरोका उघडला की गरम हवा आपोआप वर निघून जाते. पण डोम हा गरज घटवण्याचा एक मार्ग आहे, गरज घटवल्याचा दाखला नव्हे. आठऐवजी सहा मीटरचा डोम घे, कवच १०० वरून ५७ चौरस मीटरवर येतं. कवचातल्या उष्णतारोधक थराची जाडी दुप्पट कर, त्यातून येणारी उष्णता जवळपास निम्मी होते. आकाराने एक पंचमांश दिला, तोही परत घेतला. लहान घराने आणि जाड थराने त्याच्या कितीतरी पट दिलं. तुझ्या तक्त्यात डोमच्या आकाराला पाच ओळी आहेत आणि थराच्या जाडीला एकही नाही. याचा मला राग येतो, तुझा नाही, तुला हे असं शिकवणाऱ्या चकचकीत चित्रांचा.

बकमिन्स्टर फुलर या अमेरिकी संशोधकाला जिओडेसिक, म्हणजे त्रिकोण जोडून केलेल्या, डोमचं अमेरिकी पेटंट १९५४ साली मिळालं. घराचं वजन किती, हा त्याचा लाडका प्रश्न होता, आणि मला तो माणूस आवडतो तो त्या प्रश्नासाठी. त्याच्या मागून आलेल्यांनी त्रिकोण उचलले आणि प्रश्न सोडून दिला. १९६७ च्या प्रदर्शनासाठी मॉन्ट्रियलला उभारलेला त्याचा ७६ मीटरचा डोम आजही आहे, पण १९७६ च्या आगीत त्याचं अ‍ॅक्रिलिकचं आवरण जळून गेलं आणि उरला तो फक्त पोलादी सांगाडा. डोमचं दुखणं नेहमी कातड्यात असतं. लॉइड कान या माणसाने कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांबरोबर डोम बांधले, ते कसे बांधायचे हे शिकवणारी पुस्तकं काढली, आणि थोड्याच वर्षांत गळती आणि वाया जाणारं सामान पाहून ती पुस्तकं छापणंच थांबवलं. चालतं पुस्तक बंद करायला काय लागत असेल याचा विचार कर.

गळती कशी होते ते सांगतो, कारण हे चित्रात दिसत नाही. त्रिकोणी फळ्यांच्या डोममध्ये सांधे मोजायला बसलास तर संध्याकाळ होईल. दिवसा ऊन लागलं की प्रत्येक फळी प्रसरते, रात्री आखडते, आणि सांधा बुजवणारं सीलंट रोज तेवढंच ओढलं जातं. एक दिवस ते कडेने सुटतं, नखाएवढं. पाणी तिथून आत येतं, पण तिथे पडत नाही. दांडीच्या पोटाने उतरत जातं आणि दोन सांधे पलीकडे थेंब होऊन गळतं. तू ओल्या जागेच्या वर शिडी लावतोस, आणि भोक असतं भलतीकडेच. आणि अशा कवचाला स्क्रूची भोकं पाडून तू दहा किलोवॅट बसवणार? शिवाय गोल पाठीवर निम्मे पॅनेल उन्हाकडे पाठ करून बसतील. पॅनेल जमिनीवर वेगळ्या मांडवावर घे, एका दिशेला, योग्य उतारावर, हात पोचेल आणि धूळ पुसता येईल असे. सांध्यांचा जाच नको असेल तर अखंड कवचाचे प्रकार पाहा. इराणी-अमेरिकी वास्तुविशारद नादेर खलिलींनी मातीच्या पिशव्या एकावर एक रचून, मध्ये काटेरी तार घालून घुमटाकार घरं उभी केली. त्यांच्या त्या निवाऱ्यांना २००४ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. फुगवलेल्या आवरणाच्या आतून फोम आणि सळईचं काँक्रीट फवारायचीही एक रीत आहे. तिथे सांधा नाही. पण सिमेंट आहे, त्याचा हिशोब कोणी चुकवू देणार नाही, मी तर नाहीच.

आता गाडी. सौर गाडी येईपर्यंत थांबू का, असं विचारलंस. थांबू नकोस. हॉलंडच्या लाइटइयरने फार देखणी गाडी केली होती, हवेला जेमतेम अडणारी, पाठीवर पाच चौरस मीटर पॅनेल; उत्पादन २०२२ च्या शेवटी सुरू झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये थांबलं. जर्मनीच्या सोनो मोटर्सने पुढच्याच महिन्यात आपली गाडी सोडून दिली. अशी गाडी कोणीतरी यशस्वी करून दाखवावी ही माझी मनापासून इच्छा आहे, पण त्या वाटेकडे डोळे लावून तू पेट्रोल जाळत राहावंस हे मला पटत नाही.

गणित साधं आहे. टपावर तीन चौरस मीटर पॅनेल मावले तर चांगल्या उन्हात साधारण ६०० वॉट. दिवसाचं चढतं-उतरतं ऊन आणि वाटेत वाया जाणारी वीज धरून हातात पडतात दोनेक युनिट, म्हणजे २००० वॉट-तास. तुझी मोठी गाडी किलोमीटरला २०० वॉट-तास खात असेल तर ते दहा किलोमीटर झाले. १०० खाणारी हलकी, निमुळती गाडी त्याच पॅनेलवर वीस किलोमीटर जाते. पॅनेल तोच, ऊन तेच. आणि इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला तीसेक वॉट-तासांत भागवते, तिची वीज तुझ्या मांडवावरचा एखाददुसरा पॅनेल सहज देईल. पुन्हा, गाडी चार्ज व्हायला उन्हात उभी ठेवायची तर आतून भट्टी होते, आणि मग बसल्या बसल्या एसी अर्धा-पाऊण युनिट ओढून घेतो. घराचा पॅनेल उन्हात आणि गाडी सावलीत, हे बहुतेकांसाठी जास्त शहाणपणाचं.

तरीही सौर गाड्यांवर माझं प्रेम आहे, आणि का ते ऐक. ऑस्ट्रेलियात डार्विन ते अ‍ॅडलेड अशी सुमारे ३००० किलोमीटरची शर्यत १९८७ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी सनरेसर नावाची गाडी जिंकली, ताशी सरासरी ६७ किलोमीटरने. २०१७ साली आयोजकांनी सिलिकॉन पॅनेलची मर्यादा सहा चौरस मीटरवरून चारवर आणली. त्या वर्षीच्या विजेत्यांची सरासरी ताशी ८१ होती! पॅनेल काढून घेतले तरी गाडी पळाली, कारण ती बनवणाऱ्या विद्यार्थी पोरांनी वजन, चाकांचं घर्षण आणि हवेचा अडथळा यांच्यामागे हात धुऊन लागून गरज घटवली होती. साध्या सिलिकॉन पॅनेलला कार्यक्षमतेची भौतिक मर्यादा आहे, सुमारे २९ टक्के. बाजारातले चांगले पॅनेल बावीस-चोवीसवर आलेच आहेत. तिथून फार वर जायला जागा नाही. गरजेच्या बाजूला मात्र अजून मैदानच्या मैदान मोकळं पडलं आहे. ताशी १०० ऐवजी ८० ने चालवलंस तर प्रत्येक किलोमीटरमागे हवा कापायला लागणारी ऊर्जा तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरते. त्याला एक नवा स्क्रूसुद्धा लागत नाही.

या एका गोष्टीपायी माझी एक मैत्री गेली. ज्याच्याबरोबर मी पहिले नकाशे काढले त्याचं म्हणणं होतं, पॅनेल स्वस्त होत चाललेत, मग कशाला कुचंबणा करायची? दोन पॅनेल जास्त लावू, मोठी खोली घेऊ, माणसं खूश राहतील. मी ऐकलं नाही. त्याने वेगळी वाट धरली आणि आमचं बोलणं थांबलं. त्याची खंत मला आहे, रोज आहे. पण मुद्द्यावर मी आजही तसूभर हललेलो नाही. लोक म्हणतात हा हट्टी आहे, काटकसरीचं याला वेड आहे. असू दे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच लिहून ठेवलं की वाफेची यंत्रं सुधारली, कमी कोळशात जास्त काम करू लागली, आणि त्यामुळे इंग्लंडचा कोळशाचा खप वाढला. स्वस्त ऊर्जेचं हेच होतं. पॅनेल स्वस्त झाले की घर फुगतं, घर फुगलं की गाडी फुगते, आणि मग पॅनेल पुन्हा अपुरे पडतात. मी खोली लहान ठेवली म्हणून माझ्या घरात ढगाळ आठवड्यातही दिवा जळतो. यात मी काहीही सोडलेलं नाही, हे मला ठासून सांगू दे, कारण हे सगळे त्याग समजतात. मला ऊब आहे, थंडावा आहे, पंखा आहे, गाणं ऐकायला यंत्र आहे. नाही ते इतकंच, की ज्याचा मला उपयोग नाही अशा गोष्टीला मी वीज पुरवत नाही.

तेव्हा आता करायचं काय? एक प्लगमध्ये बसणारं वीजमापक घे आणि सध्याच्या भाड्याच्या घरात एकेक वस्तू लावून बघ. कोपऱ्यात गुपचूप बसलेला, टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्ससारखा १५ वॉटचा डबा अहोरात्र चालू राहून दिवसाला ३६० वॉट-तास खातो. हलक्या गाडीत तेवढ्यात तू साडेतीन किलोमीटर जाशील. असे डबे तुझ्याकडे किती आहेत? एक पूर्ण महिना लिहून काढ, मग एकेक कमी कर, मग पुन्हा महिनाभर लिही. उरेल ती तुझी गरज, आणि बॅटरी त्यावर ठरेल, दुकानदाराच्या सल्ल्यावर नाही. घराचा व्यास सहा मीटरवर आण, आणि कुठे अडतं ते मला लिही. कपाटं अडतील, हे आत्ताच सांगतो. सरळ पाठीचं कपाट गोल भिंतीला कधीच टेकत नाही, मागे एक पाचर राहते. तिथे झाडू-बादली ठेव.

गाडीचं बुकिंग केलं नसशील तर करू नकोस. केलं असशील तर अटी वाच आणि पैसे परत मागून घे. स्कूटरवर तुझं रोजचं जाणं-येणं भागतं, हे तू स्वतःच तुझ्या पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहेस.

आणि पाऊस चालू असताना एकदा माझ्याकडे राहायला ये. उत्तरेकडचा एक सांधा पुन्हा भरायचा आहे, शिडी धरायला कोणीतरी हवंच आहे. येताना ते मापक आण आणि माझ्या घरात जे मोजावंसं वाटेल ते मोज.

तुझा,
एक जुना डोमवाला