हॅमिल्टनचं डाऊनटाऊन एवढं भकास का, आणि तरी भाडं महाग का

तुमच्या मिस्टरांना हॅमिल्टनची ऑफर आलीय, यूट्यूबवर तंबू, बंद दुकानं आणि फुटपाथवर पडलेल्या नशेच्या सुया बघून तुम्ही हादरलात, आणि वर विचारलंय की शहर एवढं भंगार आहे तर निदान घरभाडं तरी स्वस्त असेल ना? नाही हो, अजिबात नाही. कॅनडातल्या बऱ्याच शहरांचं हेच तर त्रांगडं आहे.

आमची बरीच वर्षं याच पट्ट्यात गेली, आधी हॅमिल्टन मग जवळचंच ब्रँटफर्ड शहर, म्हणून जरा सविस्तर लिहितो. व्हिडिओत तुम्हाला एका फ्रेममध्ये जे दिसतं ती दोन वेगवेगळी दुखणी आहेत, एक जुनं आणि एक नवीन.

जुनं दुखणं कारखान्यांचं. हॅमिल्टन म्हणजे स्टील. स्टेल्को ही इथली स्टील कंपनी २००७ मध्ये अमेरिकेच्या यूएस स्टीलने घेतली आणि २०१० मध्ये इथली भट्टी थंड झाली ती कायमचीच. डोफॅस्को ही दुसरी स्टील कंपनी अजून चालू आहे, त्यामुळे शहर एकदम बसलं नाही, शिवाय मॅकमास्टर युनिव्हर्सिटी आणि मोठी हॉस्पिटलं होतीच. ब्रँटफर्डचं मात्र पार कंबरडं मोडलं. तिथे ट्रॅक्टर, हार्वेस्टर बनायचे आणि १९८८ पर्यंत मॅसी, व्हाइट या कंपन्या सगळ्या बुडाल्या. पगार गेले तशी गिऱ्हाइकं गेली, जी उरली ती गाडी काढून शहराबाहेरच्या मॉलला जायला लागली, आणि डाऊनटाऊनच्या कोलबोर्न स्ट्रीटवर एकामागून एक दुकानांना फळ्या ठोकल्या गेल्या. शेवटी २०१० मध्ये नगरपालिकेने त्या रस्त्याच्या दक्षिणेकडच्या ४१ इमारती एका दमात पाडल्या, त्यातल्या काही तर १८६७ च्या आधीच्या, म्हणजे कॅनडा देश व्हायच्याही आधीच्या. मला विचाराल तर तो शुद्ध करंटेपणा होता, निदान दर्शनी भिंती तरी ठेवायच्या. तिथलं डाऊनटाऊन आज जे काही जिवंत आहे ते १९९९ मध्ये आलेल्या लॉरिए युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमुळे, पोरं आली की निदान कॉफी आणि शवारमाची दुकानं तरी चालतात.

आता लोक म्हणतील दुकान रिकामं ठेवून मालकाला काय मिळतं. मिळायचं ना! ऑन्टॅरिओत (ही दोन्ही शहरं याच प्रांतात) रिकाम्या कमर्शियल जागेला प्रॉपर्टी टॅक्समध्ये ३० टक्के सूट होती, २०१७ नंतर शहरांना ती बंद करायची मुभा मिळाली. म्हणजे दुकान बंद ठेवा, सूट घ्या, जागेचा भाव वाढायची वाट बघत बसा.

नवीन दुखणं मात्र कारखान्यांचं नाही, ते घरांचं आहे. १९९३ मध्ये फेडरल म्हणजे केंद्र सरकारने नवीन सरकारी घरांना पैसे देणं जवळजवळ थांबवलं, मग १९९८ पासून ऑन्टॅरिओत भाडेकरू बदलला की मालक नवीन भाडं हवं तेवढं लावू शकतो असं झालं. टोरोंटो परवडेना म्हणून लोक हॅमिल्टनला आले, भाडी चढली, आणि आधीचे खालच्या पगाराचे लोक रस्त्यावर यायला लागले, त्यात फेंटानिल या जीवघेण्या ड्रगने कहर केला. शेल्टर, फुकट जेवण, मेथाडोन क्लिनिक (व्यसन सोडवायचं औषध देणारं), बसस्टँड, लायब्ररी सगळं डाऊनटाऊनलाच, मग ही मंडळी दुसरीकडे जाणार कुठे? म्हणून तंबू दिसले म्हणजे शहर मेलं असं समजू नका, उलट भाव चढले की तंबू वाढतात असंच मी तरी बघितलंय.

हॅमिल्टनच्या बार्टन स्ट्रीटवरून एकदा चालत जा, म्हणजे दोन्ही दुखणी शेजारीशेजारी दिसतील. जुन्या दुकानाच्या मोठ्या काचेला आतून बेडशीट लावलेली असते, वर जुन्या धंद्याची अर्धी पाटी तशीच, आणि आत कोणीतरी भाड्याने राहत असतं. आणि तिथून जवळच जेम्स स्ट्रीट नॉर्थला आर्ट गॅलऱ्या आणि महागडी कॉफी.

आता राहायचं कुठे. मुलं लहान असतील तर वेस्टडेल, डंडस किंवा माउंटन बघा (डोंगर वगैरे काही नाही बरं का, कड्यावरचा सपाट भाग आहे, इथले लोक त्याला माउंटन म्हणतात). एरिया दिवसा बघून ठरवू नका, आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी सात-आठ वाजता चक्कर मारा, कोण लोक फिरतायत, दिवे लागलेत का, बसस्टॉपवर बायका एकट्या उभ्या आहेत का ते बघा. त्यातून जे कळतं ते कुठल्या व्हिडिओतून कळत नाही.

आणि लीजवर सही करायच्या आधी इमारत कधीची ते नक्की विचारा. १५ नोव्हेंबर २०१८ नंतर ज्या घरात पहिल्यांदा कोणी राहायला आलं त्याला भाडेवाढीची मर्यादा लागू नाही. जुन्या घरात २०२५ ला मर्यादा २.५ टक्के होती, नव्या चकचकीत कॉन्डोत (फ्लॅटमध्ये) मालक वर्षातून एकदा नोटीस देऊन कितीही वाढवू शकतो. आपले बरेच लोक जिम आणि काचेची बाल्कनी बघून तिथेच फसतात.