जूनटींथच्या कमिटीत नाव आलंय ना, मग आधी हे वाच

अगं,

तुझा मेसेज वाचला. ऑफिसच्या जूनटींथ, म्हणजे 19 जूनच्या गुलाममुक्तीच्या दिवसाच्या, कमिटीत तुझं नाव घातलंय, मॅनेजर म्हणतोय केक मागवू, एक पाहुणा बोलावू, सगळ्यांना ईमेल टाकू की झालं, आणि तुला प्रश्न पडलाय की आपण भारतातून आलेली माणसं, यात आपण काय बोलणार. फोनवर हे तुटक तुटक होईल म्हणून लिहूनच पाठवतेय, सावकाश वाच.

केकचं नंतर बघू. आधी 19 जून 1865 ला टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनमध्ये जो हुकूम निघाला, युनियनच्या म्हणजे उत्तरेकडच्या सैन्यातल्या जनरल ग्रेंजरचा ऑर्डर नंबर 3, तो मुळातून वाच. चार-पाच वाक्यांचाच आहे. ऑफिसात बहुतेकांना एवढंच माहीत असतं की लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा 1 जानेवारी 1863 ची आणि टेक्सासमधल्या गुलामांना ती अडीच वर्षांनी कळली. जणू पोस्टाने यायला उशीर झाला! तसं नव्हतं गं. मालकांना सगळं माहीत होतं, पण इथे युनियनचं सैन्यच पोचलं नव्हतं, त्यामुळे घोषणा लागू करणारं कोणी नव्हतं, उलट दक्षिणेतले बाकीचे मालक आपल्याकडची गुलाम माणसं घेऊन टेक्सासकडे येत होते, का तर इथे ती हातातून सुटणार नाहीत. अडीच लाखांच्या आसपास माणसं अशी अडकलेली होती.

आता हुकमात काय लिहिलंय ते बघ. सगळे गुलाम मुक्त, जुने मालक आणि जुने गुलाम यांचे व्यक्ती म्हणून आणि मालमत्तेचे हक्क पूर्णपणे समान, आणि त्याच वाक्यात पुढे असं की आता यांच्यातलं नातं काम देणारा आणि पगारी मजूर असं राहील. त्याच्या खाली मात्र ताकीद आहे: आहात तिथेच शांतपणे राहा, मजुरीवर काम करा, लष्करी ठाण्यांवर गोळा होऊ नका, आळसात बसलेल्यांना कुठेही पोसलं जाणार नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतलं त्यांना सुटकेच्या पहिल्याच दिवशी आळसावरून दम! मी हे कितीतरी वेळा वाचलंय आणि दर वेळी तितकाच राग येतो.

म्हणून मी म्हणते की हा दिवस ऑफिसने पाळायचाच असेल तर सुरुवात पगारापासून करा, कारण त्या हुकमातच पगाराची गोष्ट आहे.

तुमच्या मजल्यावर संध्याकाळी सगळे निघाल्यावर ज्या बायका येतात, गाडीवर स्प्रेच्या बाटल्या आणि पिशव्यांचा रोल, प्रत्येक डेस्कखालचा डबा रिकामा करून नवी पिशवी लावतात, त्या तुमच्या कंपनीच्या नोकर नाहीत, कॉन्ट्रॅक्टरच्या आहेत. खाली लॉबीत बसणारा सिक्युरिटीचा माणूसही तसाच. ऑफिस 19 जूनला बंद राहिलं की तुला पगारी सुट्टी मिळते, आणि त्यांना काम नाही म्हणजे त्या दिवसाचे पैसेही नाहीत, असं होऊ शकतं. या दिवसाला राष्ट्रीय सुट्टी करणारा 2021 चा कायदा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नोकरांपुरता आहे, खाजगी कंपनीवर कसलीच सक्ती नाही, तेव्हा हे कंपनीने स्वतःहून ठरवावं लागतं आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहावं लागतं. गुलामी संपल्याच्या दिवशी सगळ्यात कमी पगारवाल्याचा रोज बुडावा, आणि आपण वर बसून छान छान पोस्टर लावावीत, हे मला तरी पटत नाही. कमिटीत पहिला प्रश्न हाच विचार. लोक जरा चुळबुळ करतील, करू देत.

दुसरं, तुमच्या टीममधल्या ब्लॅक सहकाऱ्याला 'तूच बोल ना, तुझा अनुभव सांग' असं म्हणून स्टेजवर ढकलू नका. त्याला त्या दिवशी घरच्यांबरोबर बार्बेक्यू करायचा असेल, चर्चला जायचं असेल, नाहीतर नुसतं झोपायचं असेल, ती त्याची सुट्टी आहे. स्वतःहून कोणी कमिटीत आलं तर ते तास कामाचे म्हणून धरा. बाहेरचा इतिहासाचा अभ्यासक बोलावलात तर मानधन द्या, आणि थर्ड वॉर्ड या ब्लॅक वस्तीतल्या एखाद्या छोट्या केटररकडून जेवण मागवलंत तर बिल 60 दिवस लटकवू नका, छोट्या धंद्याचं तिथेच कंबरडं मोडतं. आणि सजावट-बिजावट करताना एकदा कोणालातरी दाखवा, 2022 मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीला जूनटींथचं आईस्क्रीम काढून परत मागे घ्यावं लागलं होतं, लोक इतके चिडले.

तुम्ही ह्यूस्टनमध्येच आहात तर सगळ्यांना इमॅन्सिपेशन पार्कला घेऊन जा. हा दिवस साजरा करायला स्वतःची जागा हवी म्हणून नुकतंच गुलामीतून सुटलेल्या लोकांनी 1872 मध्ये पैसे गोळा करून ही 10 एकर जमीन विकत घेतली. विचार कर, हातात काही नसताना! आणि ओपल ली यांच्याबद्दल सांगा. 1939 मध्ये, 19 जूनलाच, फोर्ट वर्थमध्ये गोऱ्यांच्या जमावाने त्यांच्या घरावर हल्ला केला तेव्हा त्या 12 वर्षांच्या होत्या. 2016 मध्ये, वयाच्या 89 व्या वर्षी, ह्या दिवसाची राष्ट्रीय सुट्टी मागायला वॉशिंग्टनच्या दिशेने चालत निघाल्या आणि 2021 मध्ये कायद्यावर सही झाली तेव्हा तिथे हजर होत्या.

आता तुझा प्रश्न, आपला काय संबंध. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं ते अर्पण कोणाला केलंय बघ, अमेरिकेत निग्रो लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्या माणसाला इथलं दुःख आपलं वाटलं, आणि आपण इथे राहून 'हे त्यांचं आहे' म्हणायचं? शिवाय तू-मी या देशात आलो ते 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने दार उघडलं म्हणून, आणि तो कायदा सिव्हिल राइट्सच्या, म्हणजे ब्लॅक लोकांच्या समान हक्कांच्या, चळवळीने तापलेल्या त्याच वर्षांतला, मतदानाच्या हक्काचा कायदाही त्याच वर्षीचा. मार त्यांनी खाल्ला, व्हिसा आपल्याला मिळाला. 14 एप्रिलला फोटोला हार घालायचा आणि सफाई कामगाराला वर्षानुवर्षं कंत्राटावरच ठेवायचं, हे आपण तिकडे पाहिलेलं आहे, त्यामुळे नुसता कार्यक्रम कसा असतो हे तुला कोणी शिकवायला नको. तू बोल. फक्त त्यांच्या वतीने बोलू नकोस, तुझ्या ऑफिसच्या वतीने बोल.

एचआरकडे आणखी एक माग, प्रमोशन कोणाला किती वर्षांनी मिळालं आणि एकाच कामाला पगार किती, याची वंशानुसार आकडेवारी. पहिल्या वर्षी देणार नाहीत बहुतेक. तरी मागितल्याची नोंद मीटिंगच्या मिनिट्समध्ये राहू दे, पुढच्या वर्षी तिथूनच सुरू करता येतं.

आणि फॅसिलिटीजवाल्याला आजच विचारून ठेव की सफाईचं आणि सिक्युरिटीचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू कधी होतं. यंदा ती वेळ निघून गेली असेल तर या 19 जूनचे त्या लोकांचे पैसे कमिटीच्या बजेटमधून देता येतील का ते बघा, केक नसला तरी चालेल, आणि पगारी सुट्टीचं कलम पुढच्या कॉन्ट्रॅक्टसाठी आत्ताच लिहून द्या. मसुदा केलास की मला पाठव, मी वाचून देते.

तुझी,
मावशी