टेक्सासमध्ये हरणाच्या शिकारीसाठी लीज (रँचवर शिकार करायचा हक्क मालकाकडून भाड्यानं) घ्यायची आहे. हिल कंट्री, साउथ टेक्सास की ईस्ट टेक्सास? (तिघे मित्र, राहायला ह्यूस्टन, पहिलीच लीज. एक मित्र म्हणतो, खरी शिकार साउथलाच.)

हिल कंट्री, म्हणजे मध्य टेक्सासचा खडकाळ डोंगराळ भाग. मेसन, लॅनो, किंबल या तिथल्या काउंट्यांपैकी जिथे मालक धड बोलणारा मिळेल तिथे.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण ‘खरी शिकार साउथलाच’ हे वाक्य मी दर दिवाळीच्या फराळाला ऐकतो. आमच्याकडे ते साडूभाऊ म्हणतात. त्यामुळे आता सगळंच ऐका.

साडूभाऊंचं अर्धं खरं आहे, ते आधी देऊन टाकतो. सॅन अँटोनियोच्या खाली ला सॅल, डिमिट, वेब, मॅकमलन या काउंट्यांतला व्हाइटटेल (इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण) नर बघितला की हिल कंट्रीचा नर त्याच्यापुढे शाळकरी वाटतो. तिकडे माती सकस, झुडपांत प्रोटीन भरपूर, रँच हजारो एकरांच्या आणि त्या मानानं हरणं कमी. नराला म्हातारं व्हायला वेळ मिळतो आणि शिंगं वाढतात. हिल कंट्रीत खडकावर वीतभर माती आणि हरणांची दाटी. पूर्वी स्क्रूवर्मच्या माश्या जखमेत अंडी घालायच्या आणि पाडसं नाळेच्या जखमेनंच मरायची. 1960च्या दशकात त्या माशीचा बंदोबस्त झाला आणि हिल कंट्रीत हरणं बेसुमार वाढली. लॅनो तर स्वतःला टेक्सासची डिअर कॅपिटल म्हणवतं. खाणारी तोंडं जास्त आणि चारा तेवढाच, मग अंग लहान आणि शिंगंही लहान.

पण लीज म्हणजे नुसती जमीन नव्हे, सोबत कागदही येतो. साडूभाऊंनी ला सॅल काउंटीत एका ग्रुपमध्ये जागा घेतली. कागदावर काय, तर माणशी एक नर, तोही पाच वर्षांच्या वरचाच. कमी वयाचा पडला तर दंड, आणि दंडाचा आकडा असा की तेवढ्यात भारताचं तिकीट निघावं. माद्या मालकाला विचारल्याशिवाय नाहीत. आता हरणाच्या गळ्यात काही जन्मदाखला नसतो. वय ओळखायचं ते अंगावरून: पाठ खाली वाकलीय का, पोट लोंबतंय का, मान थेट छातीत उतरते की मध्ये खाच दिसते. हे सगळं संध्याकाळच्या उरल्यासुरल्या उजेडात, दीडशे यार्डांवरून, आणि तेही नर समोर आडवा उभा राहिला तर. साडूभाऊ दुर्बिणीला फोन लावून फोटो काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे: ‘चार की पाच?’ कुणी म्हणे चार, कुणी म्हणे साडेचार. एकमत होईपर्यंत नर मेस्कीटच्या काटेरी झुडपांत गडप. असे सीझनमागून सीझन गेले. रानात लावलेल्या ट्रेल कॅमेऱ्यांचे फोटो मात्र ढिगानं आहेत, तुम्ही गेलात तर टीव्हीवर लावून दाखवतील. आणि नाताळ जवळ आला की मला फोन, “भाऊ, फ्रीजरमध्ये काही शिल्लक आहे का?” हे त्यांच्या तोंडावर बोलून झालंय, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

माझी लीज मेसनला. मी मूळ साकोलीचा. नागझिऱ्याच्या काठानं वाढलेल्या पोराला चितळ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याला हात लावला तर काय होतं हेही नाही. तोच चितळ इथे 1932 साली हिल कंट्रीत आणून सोडला आणि आता कुंपणं ओलांडून मोकाट फिरतो. राज्याच्या लेखी तो परका प्राणी. त्याला सीझन नाही, टॅग (मारलेल्या हरणाला लावायची लायसन्सची चिठ्ठी) नाही, संख्येची मर्यादा नाही, फक्त शिकारीचं लायसन्स हवं. काळवीटही इकडेच. तुमच्या मित्राच्या साउथमध्ये नीलगाय आहे, आमच्या साकोलीकडची रोही, पण ती मुख्यतः किनाऱ्याकडच्या मोठ्या रँचवर, आणि साध्या डिअर लीजमध्ये ती सहसा धरलेली नसते.

इथेच घासाघीस करायची असते. चितळाचा नर मालक तुम्हाला लीजमध्ये देणार नाही. तो बाहेरच्या शिकाऱ्याला वेगळ्या पैशांनी विकतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मी माद्या मागितल्या. मालक आधी नाही म्हणाला. मग त्याच्याच फीडरवरचे (हरणांसाठी मका टाकणारं यंत्र) फोटो दाखवले: व्हाइटटेल लांब उभे आणि मक्यावर चितळांचा कळप. कागदावर ‘चितळ माद्या, वर्षभर’ अशी ओळ आली. साडूभाऊ हसले. म्हणे, अमेरिकेत येऊन चितळच मारायचा होता तर साकोलीतच राहायचं!

एका जूनमधली सकाळ सांगतो. ब्लाइंडमध्ये, म्हणजे शिकाऱ्याच्या लपणीत बसलोय, डावीकडे सीडरच्या झाडीतून चितळाचा तो तीक्ष्ण अलार्म कॉल. मान आपोआप पट्टेदार शोधायला फिरली, लहानपणची सवय. वाघ कुठला, चितळं माझ्याच नावानं ओरडत होती, वारा फिरला होता. कळप पांगला, पण एक भाकड मादी ओढ्याच्या कडेला थबकून मागे वळून बघत राहिली. तिथेच पडली. त्यानंतरची घाई शिकारीपेक्षा मोठी. जूनमध्ये सकाळी नऊलाच ऊन तापतं, त्यामुळे तिथल्या तिथे पोट साफ, आत बर्फाच्या पिशव्या, कातडं सोलून मांस कूलरमध्ये. कूलरची तोटी उघडी आणि तोंड उताराकडे, म्हणजे मांस वितळलेल्या पाण्यात लोळत नाही. रविवारी सावजी मसाल्यात रस्सा केला. व्हाइटटेलला कधीकधी जो उग्र वास येतो तो चितळाला अजिबात नाही. चरबी मात्र नसल्यातच जमा, तेव्हा तेलाला हात आखडता घेऊ नका. साडूभाऊंनी तीन वाट्या ओरपल्या आणि हात धुताना म्हणाले, “पण शिंगं नव्हती ना!”

तर भिंतीवर काय लावायचं यापेक्षा ताटात काय यायचं ते आधी ठरवा. तिघांत एकाला शिंगं हवी असतील आणि दोघांना मटण, तर एकत्र लीज घेऊच नका, वर्षभरात मैत्री तुटेल.

ईस्ट टेक्सासचं राहिलंच. पाइनचं दाट रान, बरीचशी लाकूड कंपन्यांची जमीन, त्यावर शिकाऱ्यांचे मोठमोठे क्लब. पैसे कमी आणि नजर पोचते तीही कमी. तिकडच्या बऱ्याच काउंट्यांत नराला तेरा इंचांचा नियम आहे: शिंगांमधलं आतलं अंतर किमान तेरा, नाहीतर निदान एक शिंग बिनफाट्याचं. कान टवकारलेल्या नराच्या दोन कानांच्या टोकांत साधारण तेवढंच अंतर असतं, शिंगं त्याच्या बाहेर दिसली तर चालतो. मला पाइनमध्ये कोंडल्यासारखं होतं, म्हणून मी तिकडे जात नाही. पण आता मान्य करायला हवं की मी ऑस्टिनला राहतो आणि मेसन मला दोन तासांवर. तुम्हाला ह्यूस्टनहून साडेचार-पाच तास, साउथलाही जवळपास तेवढेच, आणि पाइनमध्ये दोन तासांत पोचाल. फीडरमध्ये मका भरायला दर पंधरवड्याला कोण जाणार, याचं उत्तर तिघांकडून आजच लेखी घ्या.

चितळावरही फार भिस्त ठेवू नका. थंडी त्याला सोसत नाही. फेब्रुवारी 2021च्या गारठ्यात हिल कंट्रीत ढिगांनी मेले होते.

तिघांपैकी कुणी एच-वनवर असेल तर हे नीट वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला केंद्राचा कायदा बंदूक बाळगू देत नाही. त्याला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. ते 31 ऑगस्टला संपतं, तेव्हा 1 सप्टेंबरला जुन्या लायसन्सवर बंदूक घरात ठेवून बसू नका. वकिलाला विचारा, मी वकील नाही. हंटर एज्युकेशनचा कोर्सही बहुतेक तुम्हाला लागेलच, 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे. आणि सीडब्ल्यूडी या हरणांच्या रोगाचे नियम दरवर्षी बदलतात, टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर आपली काउंटी बघूनच निघा.

मालकांना फोन जानेवारीच्या शेवटी करा. सीझन संपला की जुन्या ग्रुपमधली भांडणं बाहेर येतात आणि जागा सुटतात. बघायला जाल तेव्हा गायी-शेळ्या किती हे विचारा, मक्याचा आवाज आला की हरणांच्या आधी त्या हजर होतात आणि फीडरभोवतीच्या जाळीचा खर्च तुमच्या गळ्यात पडतो. साउथच्या मालकानं दंडाचा कागद पुढे केला तर सही करण्याआधी मला कळवा, साडूभाऊंचा नंबर देतो.