पांढऱ्या चट्ट्यांच्या पीस लिलीचं रोप घरी कसं वाढवायचं? नव्या रोपात पांढरा रंग टिकतो का?

तुम्ही लिहिलंय की व्हेरिगेटेड पीस लिलीची दोन पानं देठासकट पाण्यात ठेवून सात आठवडे झाले, तरी मुळं नाहीत. एक रोप बहिणीला द्यायचंय आणि त्यात पांढरा रंग तसाच हवाय.

पानं काढून टाका. सात महिने ठेवलीत तरी त्यातून रोप येणार नाही. मनी प्लांटच्या वेलाला पेर असतं, पेरावर डोळा असतो, म्हणून तो पाण्यात फुटतो. पीस लिलीच्या देठाला डोळाच नाही. डोळे सगळे खाली, मातीलगतच्या गड्ड्यावर. कुणी म्हणेल, स्नेक प्लांटचं तर नुसतं पान लावता येतं. येतं, पण पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान लावलंत तर पिल्लं हिरवी निघतात, काठ जातो. पीस लिलीत तेवढीही सोय नाही. बियांतून हा रंग उतरेल याची खात्री नसते आणि टिश्यू कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून रोपं बनवणं, घरी होत नाही. तेव्हा गड्डा सोडवून फुटवे वेगळे करायचे, दुसरा मार्ग नाही.

एवढं कुणीही सांगितलं असतं. मी लिहायला बसले ते ‘बहिणीला द्यायचंय’ हे वाचून.

आमच्याकडे ही लिली आईची. आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा बाकीचं सामान टेम्पोतून आलं आणि ही कुंडी तिनं गाडीत मांडीवर धरून आणली. महिन्याभरानं दादा आला आणि म्हणाला, आईच्या झाडाचा एक भाग माझ्याकडेही हवा. बरोबरच होतं त्याचं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही कुंडी उलटी केली. मुळं इतकी गुंतलेली की माती दिसतच नव्हती, कुंडीच्याच आकाराची घट्ट पेंड बाहेर आली. माझं म्हणणं होतं, ही बादलीत अर्धा तास भिजवू, माती धुऊन काढू, एकेक फुटवा बोटांनी सोडवू. दादाला निघायची घाई. त्यानं सुरी घेतली आणि पेंड मधोमध कापली. एका बाजूला पाच फुटवे, दुसऱ्या बाजूला चार. मी म्हटलं, तू निवड. त्यानं चार फुटव्यांचा भाग उचलला, कारण त्यात पांढरा जास्त होता. हे मी मुद्दाम लिहितेय. त्यानं स्वतः निवडलं.

त्या दिवशी दोन्ही भागांतल्या प्रत्येक पानावर पांढरे चट्टे होते. फक्त दादाच्या भागात, कडेला, नखाएवढा एक कोंब नुकता वर येत होता. आमच्या झाडाच्या चट्टेवाल्या फुटव्यांच्या देठांवर अगदी बुडापासून पांढऱ्या बारीक रेषा असतात. या कोंबावर एकही रेष नव्हती, गुळगुळीत पोपटी होता. मी तो पाहिला. उलगडला की होईल बाकीच्यांसारखा, असं मला वाटलं.

दोन महिन्यांनी दादाचा फोटो आला, ‘बघ कसं फोफावलंय!’ बाकीच्या पानांच्या डोक्यावर तीन रुंद, स्वच्छ हिरवी पानं. मी तेव्हाच फोन केला, दादा, तो फुटवा मुळासकट काढ, नाहीतर तो सगळी कुंडी व्यापेल. तो म्हणाला, ‘आईच्या झाडाचा जिवंत कोंब उपटू? सगळ्यात जोमदार आहे तो.’ दीड वर्षात कुंडी नखशिखांत हिरवी झाली. आणि एकदा सगळे जमलेले असताना, आई समोर बसलेली असताना तो म्हणाला, ‘हिनं चांगलं स्वतःकडे ठेवलं आणि मला साधं दिलं.’ आई काही बोलली नाही. चार वर्षं झाली त्याला. मला ते अजून लागतं.

म्हणून खरं काय घडतं ते नीट सांगते. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग अन्न बनवत नाही, हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. वाढणाऱ्या शेंड्यात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी असतात, हरितद्रव्य बनवणाऱ्या आणि न बनवणाऱ्या. नवा डोळा दोन्हींतून फुटला तर चट्टे येतात. नुसत्या पहिल्या प्रकारातून फुटला तर तो फुटवा पूर्ण हिरवा, आणि कायमचा हिरवा. त्याचं प्रत्येक पान पूर्ण अन्न बनवतं, म्हणून तो भराभर वाढतो, चट्टेवाल्यांवर सावली धरतो आणि ते खाली खंगत जातात. यात मातीचा, खताचा किंवा कुणी कुठला अर्धा भाग दिला याचा काही दोष नाही. वहिनी म्हणायची, आमच्याकडे उजेड कमी म्हणून पानं हिरवी झाली. उजेडाचं महत्त्व आहेच, साध्या पीस लिलीपेक्षा हिला जास्त उजेड लागतो, थेट ऊन न येणारी पण चांगली उजळ खिडकी हवी. पण एकदा पूर्ण हिरवा फुटवा आला की त्याला कुठल्याही खिडकीत ठेवा, त्यावर चट्टे येणार नाहीत. तो काढायचा, आणि लवकर काढायचा. वरून पानं छाटून उपयोग नाही, बुडातून पुन्हा फुटतो. मुळासकट ओढून काढा आणि वाटलं तर वेगळ्या कुंडीत लावा, साधी पीस लिली म्हणून छान वाढेल. जीव घेण्याचा प्रश्नच येत नाही. हे मी दादालाही सांगितलं होतं.

गेल्या वर्षी त्याच्याकडे गेले तेव्हा तो बाहेर होता. वहिनीला विचारून मी कुंडी उलटवली, मुळं धुतली. अगदी मध्ये, हिरव्या देठांच्या गर्दीत, एक चट्टेवाला फुटवा सापडला. पेन्सिलीएवढा बारीक, तीन पानं, सगळ्यात मोठं पान माझ्या तळहातापेक्षा लहान. त्याची स्वतःची चार-पाच मुळं होती. तो सोडवून कपाएवढ्या कुंडीत लावला. आज त्याला सात पानं आहेत, सगळी चट्टेवाली. आणि दादा म्हणतो, ‘हे तू तुझ्याकडून आणून लावलंस.’ वहिनी शेजारी उभी होती, तिनं डोळ्यांनी पाहिलं, तरी.

तुमच्याबद्दल बोलायचं तर वाटणी बहिणीसमोर करा. आदल्या दिवशी पाणी घाला. मुळं भिजवून धुवा, म्हणजे कोण कुठून फुटलंय ते दिसतं. बहुतेक फुटवे बोटांनीच सुटतात. सुरी लागलीच तर स्पिरिटनं पुसून घ्या. प्रत्येक भागाला तीन-चार पानं आणि स्वतःची मुळं हवीतच. निवडताना वरची पानं बघू नका, बूड बघा. हिरवे-पांढरे दोन्ही रंग असलेला फुटवा द्या. पूर्ण पांढरा फुटवा कितीही देखणा असला तरी तो वेगळा काढला की उपाशी मरतो, त्याला आईजवळच राहू द्या. कुंडी मुळांपेक्षा जराशीच मोठी घ्या, माती भुसभुशीत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (हलके पांढरे खडे) घातलेली. लावल्यावर आठवडाभर पानं माना टाकतील. तेव्हा घाबरून रोज पाणी ओतू नका, या झाडाची मुळं त्यानंच कुजतात. सावलीत ठेवा, वरून सैलसर प्लास्टिकची पिशवी घाला आणि महिना-दीड महिना खत देऊ नका.

आधी सांगायला हवं होतं ते आता सांगते. हे झाड अळवाच्या कुळातलं. रसात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, हाताला खाज सुटू शकते, हातमोजे घाला. बहिणीकडे मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर पान तोंडात गेल्यावर तोंडाची आग होते, लाळ गळते, हे तिला सांगून मगच द्या. आणि तुमच्या कुंडीत एकच फुटवा असेल तर यातलं काहीच करू नका, अजून दोन येईपर्यंत थांबा.

बहीण कुंडी घेऊन निघेल तेव्हा तिला एक कोंब दाखवा, देठावरच्या पांढऱ्या रेषा दाखवा, आणि ‘रेष नसलेला कोंब आला तर ठेवू नकोस’ असं तेव्हाच सांगा. दादाला मी हे सांगितलं, पण फोनवर, दोन महिन्यांनी. कोंब तर मला त्याच दिवशी दिसला होता.