तात्यांचा सल्ला घ्यायचा की नाही?

पत्र : निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. सासरे गेल्यापासून बागेचं सगळं चुलतसासरे तात्यांना विचारून चालतं. औषधांचं दुकानही त्यांच्याच मुलाचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तात्या ओसरीवरून सगळ्यांदेखत म्हणाले, "विधवेनं यात पुढं पुढं करू नये." माझ्या मोठ्या जाऊबाई, आक्का, हातातलं तबक ठेवून आत गेल्या. आता माझा मुलगा म्हणतो, असल्या माणसाचं काहीच ऐकायचं नाही. जमिनीची वाटणीही तात्याच बघताहेत. काय करू?

उत्तर : ताई, मुलाचा राग रास्त आहे. पण डावणी हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग काही तात्यांची मतं बघून येत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला आणि तात्या म्हणाले 'पान उलटून बघ', तर उलटून बघा. वर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी दिसली की तात्या बरोबर. जो सल्ला असा डोळ्यांनी पडताळता येतो, तो कुणीही दिलेला चालतो.

पण म्हणून 'शेतीतलं सगळं घ्या' असंही मी म्हणणार नाही. रोनाल्ड फिशर हे इंग्रज संख्याशास्त्रज्ञ १९१९ मध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लागले. खताची चाचणी घेताना कुठल्या वाफ्याला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, ही पद्धत त्यांनी रुजवली. आपली कृषी विद्यापीठं आजही तिच्यावरच चालतात. कोणी मुलं जन्माला घालावीत आणि कोणी नाही, याबद्दलची त्यांची मतं मात्र भयंकर होती. २०२० मध्ये केंब्रिजमधल्या त्यांच्या कॉलेजनं त्यांच्या स्मरणार्थ बसवलेली रंगीत काच काढायचं ठरवलं. वाफ्यांची पद्धत कुणी टाकली नाही. पण गंमत अशी, की सिगारेटनं फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे या माणसानं कधी मान्य केलं नाही, आणि तो तर आकडेवारीचाच, म्हणजे त्यांच्याच विषयातला प्रश्न! स्वतः पाइप ओढायचे, तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते.

तेव्हा तात्यांचा हात कुठे गुंतलाय ते बघा. 'आणखी एक फवारणी घ्या' म्हणाले, तर दुकान आठवा आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्लाही वाचा.

वाटणीत मात्र त्यांचं मुळीच ऐकू नका. हळदीकुंकवाला जे तोंडातून निघालं, तेच सातबाऱ्यावर उतरायला वेळ लागत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. आक्कांची वारसनोंद झालीय का, हे तलाठ्याकडे जाऊन आधी बघा.

आक्का आत गेल्या तेव्हा तुम्ही काय केलंत, हे पत्रात नाही. बागेसाठी तात्या लागतात म्हणून गप्प राहिलात का? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तुम्हाला तर फक्त एका ओसरीवर बोलायचंय. आधी आक्कांना विचारा, त्यांना काय हवंय. मग तात्यांना सांगा, "बागेचं तुम्हालाच विचारीन, पण आक्कांना पुन्हा असं बोलायचं नाही." रुसून बागेत यायचे बंद झाले, तर शेजारपाजारचे बागाईतदार आहेतच. एखादा हंगाम जड जाईल, तेवढं धरून चाला.