वाचकांचे प्रश्न : टॉवर वाढले, तरी गिरणगावात घर का परवडत नाही?

प्रश्न : आम्ही लालबागमधील एका चाळीत पागडीने, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने, राहतो. वडील गिरणीत होते. पुनर्विकासात आम्हाला मालकीची सदनिका मिळणार आहे; परंतु धाकट्या भावाला याच भागात वेगळे घर घेणे अशक्य दिसते. सभोवती इतके टॉवर उभे राहत असताना भाव उतरत का नाहीत?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : पुरवठा वाढला की भाव उतरतो, हा नियम चुकीचा नाही, मात्र कोणत्या घरांचा पुरवठा वाढला, हे आधी पाहावे लागते. चाळीच्या पुनर्विकासात विकासक जुन्या भाडेकरूंना विनामूल्य सदनिका देतो आणि तिचे बांधकाम, मधल्या काळातले भाडे व स्वतःचा नफा हे सारे विक्रीच्या इमारतीतून वसूल करतो. त्यामुळे विक्रीची घरे महाग ठेवण्याकडेच त्याचा कल राहतो. आपल्या भावाला परवडेल असे घर या हिशेबात कोठेच बसत नाही.

गिरण्यांच्या जमिनींमुळे हे चित्र बदलू शकले असते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार पुनर्विकासाला येणाऱ्या गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन समान वाटे होणार होते : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. जुन्या बांधकामाखालची जमीन त्यातून वगळली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल वैध ठरवला. म्हाडाचा वाटा त्यामुळे फार आक्रसला. गिरणगावाचे एवढे मोठे नुकसान १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर दुसऱ्या कोणत्याही निर्णयाने केले नसेल, असे माझे मत आहे.

तरीही मूळ कारण याहून जुने आहे. गिरणगाव कामगाराला परवडत होते, ते तेथील घरे स्वस्तात विकत मिळत म्हणून नव्हे, तर ती भाड्याने मिळत म्हणून. खाजगी मालकांनी आणि सरकारनेही चाळी बांधल्या त्या भाड्यासाठीच. सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतली १६० चौरस फुटांची खोली हे त्याचेच उदाहरण. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १९४० च्या पातळीवरचे भाडे गोठवले. त्याने राहत्या कुटुंबांना संरक्षण मिळाले, हे मोलाचेच होते. पण मालकांनी दुरुस्ती सोडली आणि भाड्यासाठी नवे बांधणेही थांबवले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली, तोवर चाळी मोडकळीला आल्या होत्या.

पुनर्विकास भाडेकरूला मालक करतो, परंतु एकदाच. आपल्या एका खोलीच्या बदल्यात एकच सदनिका मिळते. भाऊ लग्नानंतर वेगळा राहू इच्छील तेव्हा त्याच्यासाठी पूर्वीसारखी भाड्याची खोली नसते आणि विक्रीचे घर त्याच्या पगाराच्या आवाक्यात नसते. म्हणून शासनाने या भागात भाड्याची सार्वजनिक घरे बांधावीत, अशी मागणी रहिवाशांनी मोठ्याने करायला हवी; आजवरच्या चर्चेत ती फारच क्षीण राहिली.

वडील १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असतील, तर गिरणी कामगारांच्या घरांसाठी त्यांचा अर्ज झाला आहे का, हे म्हाडाकडे तपासावे. वारसांनाही त्यात हक्क आहे. मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घरे देण्याच्या योजनेला कामगार संघटनांनी विरोध केला, तो मला रास्त वाटतो.

प्रश्न : नव्या इमारतीत देखभालखर्च झेपेल का?
– एक गृहिणी, परळ

उत्तर : करारावर सही करण्यापूर्वीच हे ठरवून घ्यावे. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च चाळीत नव्हता. टॉवरमध्ये तो दरमहा येतो. विकासक देणार असलेला कॉर्पस फंड किती आणि त्याच्या व्याजातून देखभालीचा किती भाग भागेल, याचा आकडा लेखी मागावा. पुनर्वसनाची आणि विक्रीची इमारत यांची सोसायटी वेगळी असेल की एकच, हेही विचारावे, कारण एकच असल्यास पोहण्याच्या तलावाचा खर्चही आपल्या वाट्याला येऊ शकतो.