मोड नव्हे, चीर असावी

ताई, वय २९. महाद्वार रोडला साडीच्या दुकानात कामाला आहे. मुलगी चौदा महिन्यांची, अजून अंगावर पिते. तीन महिने झाले, संडासला बसलं की काच फिरवल्यासारखं होतं आणि पुढं दोन-अडीच तास ठणका राहतो. लालभडक रक्ताचे एक-दोन थेंब पडतात. बाहेर बारीक मोड हाताला लागतो. सासूबाई म्हणतात मूळव्याध. शेजारच्या काकू ‘बिनाऑपरेशन इंजेक्शन’वाल्याकडं चल म्हणतात. कॅन्सर तर नसेल? यांना अजून काही बोलले नाही. – र., कोल्हापूर

र., तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तो ठणका. आतली मूळव्याध सहसा दुखत नाही, न दुखता रक्त टाकते. शौचाच्या वेळी कापल्यासारखं आणि नंतर तासन्‌तास ठणका, हे लक्षण फिशरचं, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेल्या चिरेचं. हाताला लागतो तो बहुधा मोड नाही. चीर सहा-आठ आठवड्यांत भरली नाही, तर तिच्या तोंडाशी कातडीचा कोंब वाढतो. नुसता तो कापून घेतला तर चीर तिथंच राहते.

ती भरत का नाही, हे कळलं की उपचार आपोआप समजतात. कडक खड्यानं कातडी फाटते. दुखल्यामुळं आतला गोल स्नायू आवळून बसतो. आवळला की चिरेला रक्त कमी पोचतं. मग भीतीनं माणूस संडासला जायचं टाळतो, मळ आणखी सुकतो आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा पुन्हा फाटते. दुकानात बाथरूमची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी टाळत असाल (या पेठेतल्या कितीतरी जणी टाळतात), तर निम्मं कारण तिथं आहे. बाळंतपणानंतरच्या लोहाच्या गोळ्या अजून चालू असतील तर त्यानंही मळ घट्ट होतो. मळ काळपट होतो तोही त्यामुळंच, ते रक्त नव्हे. गोळ्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

आजपासून घरी करायचं ते असं. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, अंगावर पाजताय म्हणून जरा जास्तच. रात्री इसबगोल दोन चमचे, मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलच आत घट्ट होऊन बसतं. पहिले दोन-तीन दिवस पोट फुगल्यासारखं वाटेल, म्हणून एका चमच्यानं सुरुवात करा. सोनामुखीची चूर्णं रोज घेऊ नका, वारंवार पातळ झालं तरी चीर झोंबते. मळ फारच कडक असेल तर लॅक्टुलोजचं पातळ औषध मिळतं. ते अंगावर पाजताना चालतं, पण प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

मिसळीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. कटानं चीर पडत नाही, पडलेली मात्र चांगलीच झोंबते. मिसळीतली मटकी चोथ्याची, ती कामाचीच. अडचण तिखटाची आणि मैद्याच्या पावाची. महिनाभर ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, पेरू, पपई यावर भर द्या.

शेक म्हणजे रुंद टबात कोमट पाणी, कोपर बुडवून सोसेल इतकंच गरम. दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीनदा आणि संडासनंतर न चुकता. त्यानं आवळलेला स्नायू सैल पडतो, म्हणून ठणका उतरतो. पाण्यात डेटॉल टाकू नका, कातडी जळते. नंतर घासायचं नाही, टिपून घ्यायचं. संडासात पाच मिनिटांवर बसू नका, कुंथू नका, मोबाइल बाहेर ठेवा.

मात्र तीन महिने झालेत, तेव्हा एवढ्यावर भागेलच असं नाही. सर्जनना दाखवा. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, सर्जरीची ओपीडी आहे. तिथं किंवा दुसरीकडंही ‘बाई डॉक्टर आहेत का’ असं सरळ विचारा, नसल्या तर तपासताना नर्सला जवळ थांबवा. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. चीर नुसत्या बघण्यानंही बहुधा दिसते. दुखत असताना बोट किंवा नळी घालायची घाई कुणी करू लागलं तर थांबवा.

स्नायू सैल करणारं मलम मिळेल, बहुतेक डिल्टियाझेम २ टक्क्यांचं. वाटाण्याएवढं, दिवसातून दोनदा, कडेला आणि जरासं आत. अंगावर पाजताय हे आधी सांगा. पंधरा दिवसांत बरं वाटतं आणि इथंच लोक चुकतात, मलम सोडून देतात. ते सहा ते आठ आठवडे लावायचं. तरीही भरली नाही तर बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा स्नायूला छोटा छेद देण्याचं ऑपरेशन. ऑपरेशननं दहातल्या नऊहून जास्त जणांची चीर भरते, पण काहींना नंतर वारा धरून ठेवता येत नाही. तुमची प्रसूती नॉर्मल असेल, टाके पडले असतील तर हे आधी सांगा, निर्णय त्यावर फिरतो.

काकूंच्या इंजेक्शनवाल्याकडं जाऊ नका. ती इंजेक्शनं आतल्या मोडांसाठी असतात, चिरेवर त्यांचा उपयोग नाही. शिवाय चुकीच्या थरात गेलं तर जागा कुजते, पू होतो, पुढं गुदद्वार अरुंद होतं.

कॅन्सरची शक्यता या वयात, या लक्षणांवरून फार कमी वाटते. पण रक्त मळात मिसळून येत असेल, वजन उतरत असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, दुर्बिणीची तपासणी लागेल. चीर बाजूला असेल, पुढं-मागं मधोमध नसेल, तर टीबी वगैरे बघावा लागतो. आणि ताप, गाठ किंवा पू आला तर थांबू नका, त्याच दिवशी जा.

नवऱ्याला सांगा. रात्री मुलीला त्यांच्याकडं दिल्याशिवाय तुम्हाला टबात पंधरा मिनिटं निवांत बसता येणार नाही.